दहा मुलं भरली नाहीत म्हणून लाझचा तास नाही : तुर्कस्तानच्या शिक्षण खात्याला खुलं पत्र

प्रति,
शिक्षण खात्यातले सर्व संबंधित अधिकारी,
तुर्कस्तान सरकार

माननीय महोदय, नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षात आमच्या गावच्या शाळेत लाझ भाषेचा तास होणार नाही असं आम्हाला कळवण्यात आलंय. कारण एकच, ऐच्छिक विषयाचा वर्ग उघडायला किमान दहा मुलांचे अर्ज लागतात आणि आमचे सात-आठच आले. गावाचं नाव मी देत नाही, शाळेचंही नाही, कारण माझी तक्रार तिथल्या मुख्याध्यापकांबद्दल नाहीये. त्यांनी नियम वाचून दाखवला आणि नियम तुमचा आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

हेच पत्र मी तुर्कीतही पाठवलंय, नवऱ्याने भाषा तपासून दिली. इथे मराठीत टाकतेय कारण मी मूळची चिपळूणची, माझे निम्म्याहून जास्त वाचणारे मराठी आहेत, आणि लग्न झाल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "लाझ? ही कुठली भाषा, कुठे बोलतात?" तर आधी ते सांगते, अधिकारी लोकांनी कंटाळू नये, कारण मला आलेला अनुभव असा की अंकाराच्या ऑफिसात बसलेल्या कित्येकांनाही हे नीट माहीत नसतं.

काळ्या समुद्राचा आग्नेय कोपरा नकाशात बघा. तुर्कस्तानातले रिझे आणि आर्तविन हे दोन प्रांत. रिझेमधलं पाझार, आर्देशेन, चामलिहेमशिनचा काही भाग, फिंदिकली, मग आर्तविनमधलं अरहावी, होपा, केमालपाशा, आणि आत डोंगरात बोर्चकाची काही गावं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काचकार डोंगर जो 3,937 मीटरपर्यंत चढतो, आणि मधे ही चिंचोळी पट्टी, किनाऱ्याने गाडीने निघालात तर शंभर किलोमीटरसुद्धा भरत नाही. पाऊस आमच्या कोकणासारखा, फक्त हा वर्षभर पडतो. उतारावर चहाचे मळे, खालच्या अंगाला हेझलनट आणि मका. पट्टी जिथे संपते तिथे सार्प नावाचं गाव आहे आणि त्या गावाच्या मधूनच जॉर्जियाची सीमा जाते, पलीकडच्या अर्ध्याला सार्पी म्हणतात, तिथून पुढे अजारा प्रांत आणि बटुमी शहर, तिथेही थोडे लाझ लोक आहेत. याशिवाय 1877-78 च्या रशिया-तुर्क युद्धात बटुमीचा भाग रशियाकडे गेला तेव्हा तिकडचे पुष्कळ लाझ उठून पश्चिमेला आले, ती गावं आजही साकार्या, दुझजे, कोजाएली, यालोवा या बाजूला आहेत. आणि नोकरीधंद्यासाठी इस्तंबूलला गेलेले तर असंख्य, त्यात काही वर्षं आम्हीही होतो. सासरे गेल्यावर मळा आणि सासूबाई दोन्हीकडे बघायला इथे परत आलो.

आणखी एक, ही तुर्कीची बोली नाही. तुर्कीशी तिचं नातंच नाही. लाझ, जॉर्जियन, मिंग्रेलियन आणि स्वान या चार भाषांचं एक वेगळं कुटुंब आहे, दक्षिण कॉकेशसचं, आणि त्यातली मिंग्रेलियन ही लाझची सख्खी बहीण. मराठी वाचणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते जी मला इथे आल्यावर कळली. आपण "मुलाने भाकरी खाल्ली" म्हणतो पण "मुलगा भाकरी खातो" म्हणताना तो "ने" निघून जातो. लाझमध्ये काम करणाऱ्याला लागणारा तसा प्रत्यय चालू काळातही राहतो. फक्त आर्देशेनकडच्या बोलीत तो गळून पडलाय, म्हणून होपाकडचे लोक आर्देशेनकरांचं बोलणं लगेच ओळखतात. क्रियापदाच्या आधी जोडायचे शब्द तर किती! वर चढणं, खाली उतरणं, आत शिरणं, खालून बाहेर येणं, आडवं जाणं, सगळ्याला वेगळं. या डोंगरात दोन दिवस राहिलात की कळतं असं का झालं असेल, इथे नुसतं "गेला" म्हणून भागतच नाही, कुठल्या अंगाला गेला ते सांगावंच लागतं.

आता माझा या सगळ्याशी संबंध. माझी मुलगी पाचवीत जाणार आहे. ती माझ्याशी मराठी बोलते, मोडकंतोडकं पण बोलते, तिच्या चिपळूणच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर भांडते सुद्धा मराठीत. तिच्यासाठी मला गोष्टींची पुस्तकं मिळतात, गाणी मिळतात, कार्टून मिळतात, 2011 च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांनी मातृभाषा मराठी सांगितलीये, त्यामुळे हजारो किलोमीटर लांब राहूनही मला धास्ती नाही. आणि तिची दुसरी आजी, जी आमच्याच घरात राहते, तिची भाषा मात्र या मुलीला येत नाही. कारण आन्ने (सासूबाईंना मी इथल्या पद्धतीने आन्नेच म्हणते) नातीशी लाझ बोलतच नाहीत. शेजारच्या बायका आल्या की ओट्याशी बसून म्चकुदी, म्हणजे मक्याची जाड भाकरी, थापता थापता तासभर लाझमध्ये गप्पा चालतात, हसणं-खिदळणं, मधेच कुणाची तरी नक्कल. मुलगी दारातून आत आली की त्याच क्षणी, अर्धं वाक्य तसंच सोडून, सगळ्याजणी तुर्कीवर येतात. कुणी ठरवून करत नाही. हाताला पीठ तसंच असतं आणि तोंडातली भाषा बदललेली असते.

हे असं का होतं ते तुम्हाला माहीत असायला हवं कारण ते तुमच्याच खात्यात घडलंय. आन्ने शाळेत गेल्या तेव्हा त्यांना तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. वर्गात, मधल्या सुट्टीत, लाझ बोलताना सापडलं की छडी, आणि कोण बोललं ते सांगायला मुलांतूनच एकजण नेमलेला. हे फक्त आमच्या घरचं नाही, या पट्ट्यातल्या साठी-सत्तरीच्या कुणालाही विचारा, हेच सांगतील. मग त्या पिढीने ठरवलं की आपल्या मुलांना हा मार नको, त्यांची तुर्की बिघडायला नको, हेल यायला नको, म्हणून घरात मुलांशी तुर्की आणि आपापसात लाझ. माझ्या नवऱ्याला म्हणूनच सगळं समजतं पण बोलता येत नाही, आई लाझमध्ये काही म्हणाली तर तो उत्तर तुर्कीत देतो. आणि आमची मुलगी तिसरी पिढी, तिला समजतही नाही.

आता माझ्या तक्रारी. क्रमाने सांगते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी, ती दहाची अट. 2012 साली तुम्ही "जिवंत भाषा आणि बोली" या नावाने ऐच्छिक विषय आणला, पाचवीपासून, आठवड्याला दोन तास, आणि 2013 पासून लाझचेही वर्ग सुरू झाले. याचं मी मनापासून स्वागत करते, त्याआधी कुठल्याही सरकारी शाळेत लाझ शिकवलीच जात नव्हती, त्यामुळे हे पाऊल लहान नव्हतं. पण अट बघा. दहा पालकांनी स्वतःहून पुढे येऊन, लेखी अर्ज देऊन, धर्माचे विषय, गणिताचा जादा तास, इंग्रजी, खेळ हे सगळं असलेल्या त्याच यादीतून लाझ निवडायची, आणि ते एकाच शाळेत, म्हणजे वर्ग. कोण पालक? ज्यांच्या आईवडलांनी या भाषेपायी मार खाल्लाय ते. ज्यांना लहानपणापासून सांगितलं गेलं की याचा काही उपयोग नाही, पुढे नोकरी मिळायची नाही. 1982 च्या तुमच्या राज्यघटनेतलं 42 वं कलम आजही म्हणतं की तुर्कीशिवाय कुठलीही भाषा मातृभाषा म्हणून शिकवता येणार नाही. 1983 ते 1991 अशी आठ वर्षं तर 2932 क्रमांकाचा कायदाच होता, ज्याने अशा भाषांतून काही छापणं, प्रसिद्ध करणं बंद होतं. 1993 मध्ये इस्तंबूलला तरुण मुलांनी "ओग्नी" नावाचं लाझ मासिक काढलं तर संपादकावर फुटीरतेचा खटला झाला. हे सगळं इथल्या लोकांच्या आठवणीत आहे. इतकी वर्षं ज्यांना गप्प बसवलं त्यांनाच आता म्हणायचं की तुम्ही मोठ्याने मागा तर देऊ, आणि कमी जणांनी मागितलं की म्हणायचं बघा, मागणीच नाही. मागणी कमी का आहे याची जबाबदारी कुणाची आहे हो?

आणि साधं गणितसुद्धा बघा. या डोंगरातल्या शाळा लहान, मुलं कमी, तरुण कुटुंबं इस्तंबूल-बुर्साला गेलेली. अशा शाळेत एका विषयाला दहा म्हणजे जवळजवळ अख्खा वर्ग. इस्तंबूलला परिस्थिती उलटी, तिथे लाझ मुलं भरपूर पण एका शाळेत दोन, दुसऱ्या शाळेत तीन अशी विखुरलेली, म्हणून तिथेही दहा भरत नाहीत. म्हणजे जिथे भाषा आहे तिथे मुलं कमी, जिथे मुलं आहेत तिथे एकत्र नाहीत, आणि नियम दोन्हीकडे तोच.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही अट ओळखीची वाटेल. जून 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा सर्वसाधारणपणे हिंदी असा जीआर निघाला होता, आणि त्यात हिंदीऐवजी दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेमागे किमान 20 मुलं हवीत असं म्हटलं होतं. केवढा गदारोळ झाला, महिना संपायच्या आत सरकारने जीआर मागे घेतला. तेव्हा मी इथे बसून सगळ्या बातम्या वाचत होते आणि मला राहून राहून वाटत होतं की मराठीसाठी रस्त्यावर यायला माणसं आहेत, पक्ष आहेत, चॅनेल आहेत. लाझसाठी इथे एक मूठभर शिक्षक, काही गायक आणि इस्तंबूलच्या लाझ इन्स्टिट्यूटमधली मंडळी. संख्येच्या जोरावरच जर भाषा वाचणार असेल तर या लोकांनी कुणाकडे जायचं?

दुसरी तक्रार वयाची. पाचवीतलं मूल दहा वर्षांचं असतं. भाषा जिभेवर बसायचं वय तोपर्यंत बऱ्यापैकी निघून गेलेलं असतं आणि घरात कुणी बोलत नसेल तर आठवड्याचे दोन तास म्हणजे रंगांची नावं, आकडे, "तुझं नाव काय" एवढंच. बालवाडीपासून हवं. बालवाडीत पुस्तक लागत नाही, परीक्षा लागत नाही, गावातल्या दोन आज्या येऊन बसल्या तरी पुरतं.

तिसरी, शिक्षक. आम्ही ज्यांना भेटलो ते सगळे लाझ शिकवणारे एकतर दुसऱ्याच विषयाचे होते आणि आवडीपोटी हा तास घेत होते, किंवा तासिका तत्त्वावर, तेही वर्ग उघडला तर. वर्ग उघडेल की नाही हे दरवर्षी लटकलेलं, मग कोण तरुण माणूस यात येईल? जुनी शिक्षिका बदली होऊन गेली की त्या शाळेतली लाझ तिच्याबरोबर गेली, असं आमच्याच तालुक्यात झालंय.

पुस्तकं नाहीत, लिपी नाही असं कुणी सांगू नये. लॅटिन अक्षरांची लाझ वर्णमाला 1984 पासून आहे, लाझ-तुर्की शब्दकोश 1999 ला निघाला, आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1929 साली, सोव्हिएत अबखाझियात सुखुमीला लाझमध्ये वर्तमानपत्र निघत होतं आणि पुढच्या काही वर्षांत इस्केंदर त्सिताशी या माणसाने मुलांसाठी लाझ पाठ्यपुस्तकं तयार केली होती. स्टालिनच्या राजवटीत 1938 ला त्याला मारून टाकलं, त्याच्याबरोबर ते शिक्षणही गेलं. पण जे शंभर वर्षांपूर्वी एका गरीब किनाऱ्यावर जमलं ते आज जमणार नाही असं मी मान्य करणार नाही.

चौथी, आमची मोजणीच होत नाही. 1965 च्या जनगणनेत सुमारे 26 हजार लोकांनी मातृभाषा लाझ सांगितली होती, तीही त्या काळच्या वातावरणात. त्यानंतर मातृभाषेचे आकडे सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. त्यामुळे आज कुणी काही हजार म्हणतं, कुणी दोन-अडीच लाख म्हणतं. युनेस्कोने लाझला "निश्चितपणे धोक्यात" या पायरीवर ठेवलंय, त्याचा अर्थच असा की मुलं घरात ही भाषा मातृभाषा म्हणून शिकत नाहीत. हे वाचायला मला युनेस्को लागत नाही, माझ्या स्वयंपाकघरात दिसतं. पण खात्याला योजना करायची तर आकडे लागतील ना?

पाचवी थोडक्यात. 2004 साली टीआरटी या सरकारी रेडिओ-टीव्हीने बोस्नियन, अरबी, चेर्केस, कुर्मांजी (म्हणजे कुर्दी) आणि झाझा या भाषांत थोडा थोडा वेळ कार्यक्रम सुरू केले. त्यात लाझ नव्हती. कुणाचं काही हिरावून घ्या असं म्हणायचं नाहीये, आम्हालाही अर्धा तास द्या एवढंच.

सहावी ओळखीची. अख्ख्या तुर्कस्तानात काळ्या समुद्राकडचा कुठलाही माणूस म्हणजे "लाझ", मग तो त्राबझोनचा असो नाहीतर समसुनचा. तेमेल आणि दुर्सुन या ठरलेल्या दोन पात्रांचे विनोद, मोठं नाक, हमसी मासे, झालं. परिणाम असा की लोकांना वाटतं लाझ म्हणजे तिकडच्या हेलाची तुर्की. माझ्या मुलीला इस्तंबूलच्या शाळेत वर्गातल्या मुलांनी सांगितलं "लाझ बोलून दाखव" आणि तिने वडलांकडून ऐकलेलं एक वाक्य म्हटल्यावर म्हणाले हे लाझ नाहीये. ती रडत घरी आली. पाठ्यपुस्तकात दोन ओळी असत्या, की या देशात रिझे-आर्तविनच्या किनाऱ्यावर अशी एक जुनी भाषा बोलली जाते आणि त्याच होपाच्या डोंगरात हेमशिन लोक आर्मेनियनच्या एका बोलीत बोलतात, तर त्या मुलांनाही कळलं असतं. गावांची नावंही तशीच गेली, पाझार आधी अतिना होतं, फिंदिकली विचे होतं. म्हातारी माणसं आजही जुनंच नाव घेतात, पण पाटीवर ते कुठेच नाही, नातवंडांना आजी कुठल्या गावाबद्दल बोलतेय ते समजत नाही.

कुणी म्हणेल की कायद्याने आता बंदी नाही, गाणी म्हणा, कोण अडवतंय. खरंय. होपाच्या काझिम कोयुंजूने नव्वदच्या दशकात रॉकच्या ठेक्यावर लाझ गाणी म्हटली, सगळा देश नाचला, तो 2005 मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी कॅन्सरने गेला तेव्हा लाझ न येणारी माणसंही रडली. त्याच्यामुळे कितीतरी तरुणांना आपली भाषा लाजेची वाटेनाशी झाली, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण गाण्याचे शब्द पाठ असणं आणि आजीला "पाय दुखतोय का" विचारता येणं यात फरक आहे. दुसरी गोष्ट गाण्याने नाही येत, ती घरात नसेल तर शाळेने द्यावी लागते.

आणि भाषा अशी पिढीगणिक गळत गेली तर शेवटी काय होतं तेही तुमच्याच देशाने पाहिलंय. 1864 नंतर कॉकेशसमधून हाकलले गेलेले उबिख लोक तुर्कस्तानात येऊन राहिले. त्यांची भाषा अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस, तेव्फिक एसेंच, 7 ऑक्टोबर 1992 ला वारला. परदेशी विद्वानांनी त्याच्याकडून जमेल तेवढं टिपून, रेकॉर्ड करून घेतलं. मला आन्नेचं रेकॉर्डिंग नकोय, मला माझ्या मुलीने त्यांच्याशी भांडलेलं ऐकायचंय.

काही शब्द जॉर्जियाच्या शिक्षण खात्यासाठी. तुमच्याकडे लाझ लोकांना आपलेच मानलं जातं, ही आपुलकी मला बटुमीला गेल्यावर जाणवली. पण "तुम्ही जॉर्जियनच, तुमची बोली ही जॉर्जियनचीच एक शाखा" असं म्हणून सार्पीच्या शाळेत फक्त जॉर्जियन शिकवायची यानेही भाषा मरतेच, फक्त प्रेमाने मरते. सार्पचं गाव 1921 च्या करारांनी दोन तुकडे झालं, पुढे सीमा इतकी घट्ट बंद झाली की 1988 ला फाटक उघडेपर्यंत ओढ्यापलीकडच्या सख्ख्या भावाला भेटता येत नव्हतं. त्या काळात दोन्हीकडच्यांना जोडून ठेवलं ते याच भाषेने. 1999 मध्ये युरोप परिषदेत शिरताना प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांच्या सनदेवर सही करू असं तुम्ही कबूल केलं होतं, ती सही अजून झालेली नाही. तुर्कस्ताननेही केलेली नाही, हे इथेच नोंदवते.

मराठी मित्रमंडळींपैकी कुणी म्हणेल आधी आपल्याकडे बघ. बरोबर आहे, बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारी थोडीशी माणसं उरलीत आणि त्या मुलांच्या शाळेचा प्रश्नही असाच आहे, तिथल्या सरकारलाही हेच विचारायला हवं. पण मी आज जिथे राहते, जिथे कर भरते, जिथे माझं मूल शाळेत जातं, तिथलं पत्र मी लिहितेय.

तर आमच्या मागण्या, आम्ही म्हणजे मी आणि ज्या पालकांनी अर्ज दिले होते ते सगळे:

पाझार ते केमालपाशा आणि बोर्चका या तालुक्यांत लाझच्या वर्गासाठी दहाची अट रद्द करा. तीन मुलं असतील तर तिघांचा वर्ग भरवा. ते लगेच शक्य नसेल तर शेजारच्या दोन-तीन शाळांची मुलं मिळून एक वर्ग धरा, आणि इस्तंबूल, साकार्या, कोजाएलीसारख्या ठिकाणी ऑनलाइन वर्गाला तीच मान्यता द्या. कोविडमध्ये तुम्ही अख्खा देश ऑनलाइन शिकवलात.

बालवाडीपासून सुरुवात करा, गावातल्या लाझ बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना मानधन देऊन वर्गात बसवा.

लाझ शिक्षकांची कायम पदं काढा आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम रिझे किंवा आर्तविनच्या विद्यापीठात सुरू करा. कुर्दीसाठी मार्दिनच्या विद्यापीठात विभाग निघू शकला, मग लाझसाठीही निघू शकतो.

निवडीच्या फॉर्मबरोबर लाझ म्हणजे काय, तास कधी असतो, त्याने मुलाच्या तुर्कीवर काही वाईट परिणाम होत नाही, हे साध्या भाषेत लिहिलेला एक कागद प्रत्येक पालकाला द्या, खात्याच्या सही-शिक्क्यानिशी. हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे, कारण इथल्या माणसाला अजून खात्री नाही की सरकारला हे खरंच चालतं. आमच्या अर्जाच्या वेळेस एक आजोबा दाराशी येऊन नवऱ्याला हळूच विचारून गेले की सही केली तर मुलाचं नाव कुठे लागणार नाही ना.

सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात लाझ भाषेबद्दल खरी माहिती घाला, पुढच्या मोजणीत मातृभाषेचा प्रश्न विचारा आणि त्याचा आकडा जाहीर करा. पाट्यांवर जुनी नावं खाली लहान अक्षरात का होईना पण लिहा.

आणि आमच्या शाळेपुरतं सांगायचं तर, वर्ष सुरू व्हायला अजून वेळ आहे. शेजारच्या शाळेतही चार मुलांचे अर्ज पडून आहेत हे आम्हाला कळलंय, ते आमच्यात मिळवले तर दहाच्या वर जातात. शिकवायला तयार असलेल्या बाई आहेत, शनिवारी सकाळी वर्गखोली रिकामी असते, पुस्तकांचा खर्च पालक करतील. फक्त दोन शाळा मिळून एक वर्ग धरायला तुमची लेखी परवानगी लागते, ती सप्टेंबरच्या आत द्यावी ही विनंती.

आपली,
रिझे-आर्तविनच्या पट्ट्यातली एक आई आणि सून